टॉम फिनी: एका क्लबाचा माणूस. निष्ठा होती की वाटच बंद होती?

उत्तरेकडचा

नमस्कार मंडळी,

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं इंग्लंडमध्ये प्रेस्टनला होतो. लँकेशरमधलं जुनं गिरण्यांचं शहर, पाऊस भरपूर. कामावर जाताना वाटेत डीपडेलचं फुटबॉल मैदान लागायचं आणि मैदानाबाहेर एक पुतळा. चेंडूमागे धावणारा एक खेळाडू साचलेल्या पाण्यातून घसरत चाललाय, एक हात जमिनीला टेकायच्या बेतात, आणि दोन्ही अंगांनी पाण्याचे फवारे उडतायत. फवारे खरे आहेत, त्याच्या एका गाजलेल्या फोटोवरून केलेला हा पुतळा कारंज्यातच बसवलाय. समोरच्या रस्त्यालाही त्याचंच नाव, सर टॉम फिनी वे.

सुरुवातीला मला वाटलं, गावोगावी असतो तसा एखादा स्थानिक हिरो असेल. मग वाचत गेलो, आजूबाजूच्या म्हाताऱ्या मंडळींकडून ऐकत गेलो, आणि या माणसाने मनात घरच केलं.

टॉम फिनी, जन्म ५ एप्रिल १९२२, प्रेस्टन. घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर. पोरगा अंगाने अगदी किरकोळ. चौदाव्या वर्षी प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबाने मैदानावरच्या पोरांमध्ये घ्यायची तयारी दाखवली, तर वडील म्हणाले, आधी हाताला धंदा शिक, मग फुटबॉल. म्हणून पोरगा प्लंबरच्या हाताखाली उमेदवारी करायला लागला. पुढे 'प्रेस्टनचा प्लंबर' हे नाव त्यावरूनच. उरलेल्या वेळात खेळ. मुळात डावखुऱ्या पायाचा, पण उजवा पाय घासून घासून असा तयार केला की पुढे बचाव करणाऱ्याला कळायचंच नाही हा आत वळणार की बाहेर.

जानेवारी १९४० मध्ये व्यावसायिक करार झाला. तारखेकडे लक्ष द्या. युद्ध सुरू झालेलं, लीग बंद. युद्धकाळातल्या तात्पुरत्या स्पर्धा तेवढ्या चालू होत्या. १९४१ च्या वॉर कपच्या अंतिम सामन्यात प्रेस्टनने आर्सेनलशी वेम्ब्लीवर १-१ अशी बरोबरी केली आणि पुन्हा खेळवलेला सामना २-१ ने जिंकला. त्यानंतर लष्करात बोलावणं आलं. इजिप्त, मग इटली, माँटगोमेरीच्या आठव्या सेनेत, रणगाडा दलात. लीगमधला पहिला सामना खेळायला मिळाला तो ३१ ऑगस्ट १९४६ ला, लीड्सविरुद्ध. वय २४. करारानंतर सहा वर्षांहून जास्त काळ गेलेला. आणि अवघ्या चार आठवड्यांनी बेलफास्टला इंग्लंडकडून पहिला सामना, त्यात गोल!

पुढची चौदा वर्षं एकच क्लब. लीगचे ४३३ सामने, १८७ गोल. इंग्लंडकडून ७६ सामने, ३० गोल. त्यातले ४० सामने उजव्या बगलेत, ३३ डाव्या, ३ मध्ये. एकदाही पंचाने वहीत नाव लिहिलं नाही. १९५४ आणि १९५७, दोन वेळा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. दोनदा हा मान मिळवणारा पहिलाच.

आता माझा मुद्दा. फिनींचं नाव निघालं की लोक म्हणतात, काय ती निष्ठा! जन्मभर एकच क्लब, गावाशी इमान. मीही तसंच म्हणायचो. पण १९५२ ची हकिगत कळल्यावर माझी जीभ अडखळायला लागली.

मे १९५२. इंग्लंडचा संघ इटलीत, फ्लॉरेन्सला १-१ बरोबरी. तिथे सिसिलीतल्या पालेर्मो क्लबाच्या अध्यक्षांनी, ते तिकडचे एक सरदार, फिनींना गाठलं. १०,००० पौंड सहीचे, महिन्याला १३० पौंड पगार, वर बोनस, समुद्राकाठी बंगला, गाडी, घरच्यांच्या येण्याजाण्याचा खर्च. तेव्हा इंग्लंडमध्ये कितीही मोठा खेळाडू असो, आठवड्याला १४ पौंडांच्या वर पगार द्यायला नियमानेच बंदी होती. म्हणजे नुसत्या सहीचे पैसे हे जवळपास चौदा वर्षांच्या पगाराएवढे.

फिनींनी आपल्या क्लबाच्या अध्यक्षांना विचारलं. उत्तर मिळालं, आमच्याकडे खेळणार नसशील तर कुठेच खेळणार नाहीस. विषय संपला.

मला सांगा, दाराला बाहेरून कडी असताना आत बसून राहिलेल्या माणसाला घराची ओढ होती म्हणायचं की नाही?

---

कडुनिंब

सुंदर लिहिलंय. शेवटच्या प्रश्नाआधी ती कडी नक्की कशी होती ते सांगते. कामगार कायदा हा माझा रोजचा विषय.

दोन नियम होते आणि ते एकमेकांत गुंफलेले होते. पहिला कमाल वेतनाचा. १९०१ पासून लागू, तेव्हा आठवड्याला ४ पौंड. वाढत वाढत १९५८ मध्ये २० पौंड. दुसरा नियम जास्त क्रूर. करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. क्लबाने त्याला 'राखून ठेवलं' की त्याची नोंदणी क्लबाच्याच हातात. त्याने अटी नाकारल्या तर पगार बंद, आणि लीगमधला दुसरा कुठलाही क्लब त्याला घेऊ शकत नसे. साध्या भाषेत, नोकरी संपलेली पण राजीनामा मंजूर नाही.

मिडल्सब्रोच्या विल्फ मॅनियनने १९४८ मध्ये हे करून पाहिलं. सही करत नाही म्हणाला, घरी बसला. काही महिन्यांनी परत त्याच क्लबात यावं लागलं. मॅनियन म्हणजे इंग्लंडच्या संघातला, ऐन भरातला खेळाडू. त्याची ही गत, तर तिसऱ्या विभागातल्या पोराने काय करावं?

---

शून्य_प्रहर

छान धागा, पण थोडं विरुद्ध बोलतो. दार इतकं बंद नव्हतं. जॉन चार्ल्स १९५७ मध्ये लीड्समधून युव्हेंटसला गेलाच की, ६५,००० पौंडांना. स्टोकचा नील फ्रँकलिन तर १९५० मध्ये सरळ कोलंबियाला निघून गेला. फिनींनी भांडायला हवं होतं. आजचा एखादा खेळाडू एजंटला पुढे करून पंधरा दिवसांत सुटला असता.

---

कडुनिंब

@शून्य_प्रहर, तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. चार्ल्स गेला कारण लीड्सला पैसे हवे होते आणि त्यांनी विकला. कडी क्लबाने काढली. फ्रँकलिनने स्वतः काढायचा प्रयत्न केला. तो बोगोटाला गेला कारण कोलंबियाची लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती. त्या वर्षीचा विश्वचषक हुकला, काही महिन्यांत परत आला तर बंदी, आणि इंग्लंडचा शर्ट पुन्हा अंगाला लागला नाही. फिनींच्या बरोबरचाच खेळाडू होता तो. १९५२ मध्ये अध्यक्षांच्या खोलीतून बाहेर पडताना फिनींना फ्रँकलिन आठवला नसेल का?

---

नळवाला_नाशिक

मी फुटबॉल फारसा बघत नाही. मुलाने लिंक पाठवली, "बाबा, तुमच्या धंद्यातला माणूस" म्हणून. पूर्ण वाचलं.

प्लंबर हे नाव नुसतं टोपणनाव होतं का खरोखर काम करायचे? म्हणजे नाव झाल्यावरसुद्धा?

---

उत्तरेकडचा

@नळवाला_नाशिक, दादा, खरोखर. वर्तमानपत्रं त्यांना 'प्रेस्टनचा प्लंबर' म्हणायची आणि त्यात काहीच अतिशयोक्ती नव्हती. सकाळी सराव, दुपारी काम. भावाबरोबर नळकाम आणि विजेच्या कामाचा धंदा उभा केला, तो चांगला वाढला. खेळ सोडल्यावर पोट त्यावरच. शनिवारी हजारो लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी कुणाच्या तरी घरची गळती काढायला जायचा.

---

नळवाला_नाशिक

धन्यवाद. मग एक सांगतो, बाकीच्यांना कदाचित जाणवणार नाही.

आमच्या वस्तादांनी जुनं शिशाच्या नळांचं काम केलेलं होतं. शिसं तापवून सांधा भरायचा, हाताने फडक्याने फिरवून गोल करायचा. फिनी शिकले ते त्याच काळात, म्हणजे असंच काम शिकले असणार. शिसं जड असतं. आणि आपलं निम्मं काम गुडघ्यावर, मोरीखाली, ओल्या फरशीवर अंग मुडपून. मी पन्नाशीत आहे, सकाळी उठताना पहिले दहा मिनिटं गुडघे ऐकत नाहीत. ज्याचं पोट पायांवर आहे त्याने दुपारी हे काम करायचं, याचा अर्थ पगारावर त्याचा भरवसा नव्हता. हौस म्हणून कोणी मोरीखाली शिरत नाही.

दुसरं, वडिलांनी योग्य केलं. फुटबॉल क्लबाच्या हातात होता, पण पाना कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. अध्यक्ष नाही म्हणाले त्या दिवशीसुद्धा हा माणूस घरी गेला असेल तो आपल्या धंद्याचा मालक म्हणून.

---

शून्य_प्रहर

नळवाला दादा, हे मला सुचलंच नसतं. मनापासून +१.

---

जुना_कूपरेज

उशिरा आलो. मी सत्तरीपार. माझे थोरले बंधू मुंबईत एका गिरणीच्या संघातून खेळायचे, त्यामुळे हे प्रकरण फार जवळचं वाटलं. आपल्याकडे त्या काळी गिरणी, कंपनी, बँक हेच क्लब. नोकरी खेळामुळे लागायची आणि गुडघा गेला तरी खात्यात नाव राहायचं. पैसा नव्हताच, पण खेळ सुटल्यावर महिन्याचा पगार होता. इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूला तेवढीही हमी नव्हती, हे मला या धाग्यावर कळलं.

आता एक योगायोग. उत्तरेकडचा यांनी १९५२ सांगितलं आणि मी उठून बसलो. त्याच उन्हाळ्यात आपला क्रिकेट संघ इंग्लंडमध्ये होता, विजय हजारे कर्णधार. आणि विनू मंकड संघात नव्हते, कारण ते लँकेशर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबाशी करारबद्ध होते. प्रेस्टनपासून काही फार लांब नाही ते. करार करण्याआधी त्यांनी संघात निवडीची खात्री मागितली होती, ती मिळाली नव्हती. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात आपली शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली, तेव्हा सगळ्यांना मंकड आठवले. मग हॅसलिंग्डनने त्यांना सोडलं आणि लॉर्ड्सला त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, वर एका डावात पाच बळी. सामना आपण हरलो, पण तो सामना आजही मंकडांच्या नावाने ओळखला जातो.

एकाच परगण्यात, एकाच उन्हाळ्यात दोन क्लब. एकाने आपला माणूस सोडला, एकाने नाही.

---

उत्तरेकडचा

काका, अंगावर काटा आला. मी तिथे राहून ही जोडी कधी लावली नव्हती. हॅसलिंग्डनवरून कितीदा गेलोय! हजारेही त्याआधी रॉटनस्टॉलकडून लँकेशर लीग खेळलेले, ते हॅसलिंग्डनच्या शेजारचंच गाव.

---

गोंयकार_७

पैशाचं झालं, खेळावर कोणी बोलेल का? आमच्याकडे फुटबॉलचा धागा असा कोरडा चालत नाही. मॅथ्यूज मोठा की फिनी? माझे पाय (वडील) मॅथ्यूजचं नाव घेऊन शपथ घ्यायचे.

---

उत्तरेकडचा

@गोंयकार_७, हा वाद लँकेशरमध्ये तेव्हा घराघरांत होता, कारण मॅथ्यूज १९४७ पासून ब्लॅकपूलला, म्हणजे प्रेस्टनच्या शेजारी. दोघे उजव्या बगलेचे, इंग्लंडला दोघे हवे. निवड करणाऱ्यांनी मे १९४७ मध्ये लिस्बनला पोर्तुगालविरुद्ध तोडगा काढला. मॅथ्यूज उजवीकडे, फिनी डावीकडे. निकाल १०-०! पुढल्या वर्षी तुरिनला इटलीविरुद्ध ४-०, त्यात फिनींचे दोन.

माझं मत सांगतो. मॅथ्यूजसारखी जादू दुसऱ्या कुणाकडे नव्हती. समोरच्याला एकाच वळणावर दहादा फसवायचा आणि अकराव्यांदाही तो फसायचा. पण फिनींकडे सगळं होतं: दोन्ही पाय, डोकं, गोल करणं, दुसऱ्याला गोल करून देणं, मागे येऊन चेंडू हिसकावणं. उतरत्या काळात प्रेस्टनने त्यांना मध्ये सेंटर फॉरवर्ड केलं तर तिथेही भरभरून गोल. १९५२ चाच ऑस्ट्रियाविरुद्धचा व्हिएन्नाचा सामना घ्या. इंग्लंडच्या नॅट लॉफ्टहाउसने गोलरक्षकाला धडकून जो विजयी गोल केला आणि 'व्हिएन्नाचा सिंह' झाला, त्याला मोकळ्या रानात सोडणारा पास फिनींचा. सिंहाचं नाव राहिलं, पास विसरला गेला.

बिल शँक्ली, पुढे लिव्हरपूल घडवणारे, प्रेस्टनमध्ये फिनींच्या मागेच खेळायचे. ते शेवटपर्यंत सांगत राहिले की फिनी कुठल्याही काळात, कुठल्याही संघात, अंगात ओव्हरकोट घालूनसुद्धा श्रेष्ठ ठरले असते.

---

गोंयकार_७

ओव्हरकोट! ह्याला म्हणतात दाद. बरें, मग पदकं किती?

---

उत्तरेकडचा

इथेच पोटात तुटतं. युद्धकाळातला तो कप आणि १९५१ चं दुसऱ्या विभागाचं विजेतेपद. बस्स. लीग कधी नाही, एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा) कधी नाही.

१९५२-५३ चा हंगाम ऐका. आर्सेनल आणि प्रेस्टन, दोघांचे २१ विजय, १२ बरोबरी, ९ पराभव. दोघांचे ५४ गुण. तेव्हा गोल सरासरी बघायचे, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले. आर्सेनलचे ९७ आणि ६४, प्रेस्टनचे ८५ आणि ६०. भागाकार केला की १.५१ विरुद्ध १.४१. अपूर्णांकाने लीग गेली. आणि आर्सेनलने आपला शेवटचा सामना ३-२ असा कसाबसा जिंकलेला!

१९५४ चा एफए कप अंतिम सामना. आदल्या वर्षी अडतिशीतल्या मॅथ्यूजला ते पदक मिळालं होतं, अख्ख्या देशाला वाटत होतं आता फिनींची पाळी. कर्णधार तेच. प्रेस्टन वेस्ट ब्रॉमविचकडून २-३ हरला, शेवटच्या काही मिनिटांतल्या गोलाने. आणि फिनींचा स्वतःचा खेळ त्या दिवशी लागलाच नाही. १९५८ मध्ये लीगमध्ये पुन्हा दुसरा नंबर.

इंग्लंडच्या बाबतीतही तेच. १९५० मध्ये बेलो हॉरिझोंतेला अमेरिकेकडून १-० हार, ते मैदानावर होते. १९५४ मध्ये बुडापेस्टला हंगेरीकडून ७-१, तिथेही होते. १९५८ ला स्वीडनमध्ये रशियाविरुद्ध पेनल्टी मारून २-२ बरोबरी करून दिली, पण त्याच सामन्यात जखमी झाले आणि विश्वचषक संपला.

---

मृदगंधा

तो पाण्याचा फोटो कुठला? पुतळा त्यावरूनच ना?

---

उत्तरेकडचा

हो ताई. ऑगस्ट १९५६, लंडनमध्ये चेल्सीचं मैदान. एवढा पाऊस की आज कोणी खेळूच देणार नाही. फिनी चेंडू घेऊन दोघांमधून सुटतायत आणि पाणी उसळलंय, तो क्षण पकडला गेला. त्या वर्षीचं क्रीडा छायाचित्राचं बक्षीस त्याला मिळालं. पुतळा २००४ चा.

२००४ म्हटलं की आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी त्यांची पत्नी एल्सी वारल्या. अल्झायमर झाला होता. ज्याच्या नावाने शहरात रस्ता आहे, राणीने ज्याला १९९८ मध्ये 'सर' केलं, तो माणूस घरी बायकोची शुश्रूषा करत होता. १९४५ मध्ये युद्धातून आल्यावर झालेलं लग्न.

---

मृदगंधा

माझ्या सासूबाईंना तोच आजार होता. नाव विसरतात, मग घास गिळायचं विसरतात. सामन्यांपेक्षा हे वाचून मला ते जास्त जवळचे वाटले. लिहिलंत, बरं केलंत.

---

कडुनिंब

कायद्याची उरलेली गोष्ट पूर्ण करते, कारण तिचं शेवटचं टोक परत फिनींकडेच येतं.

फिनी ३० एप्रिल १९६० ला डीपडेलवर ल्यूटनविरुद्ध शेवटचा सामना खेळले. जांघेची दुखापत पाठ सोडत नव्हती. पुढच्या जानेवारीत, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत, जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची हाक देऊन कमाल वेतन रद्द करून घेतलं. लगेच फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंडांवर गेला. नऊ महिने!

दुसरी कडी कोर्टात तुटली. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने सोडायला सांगितलं, क्लब ऐकेना, तो खटला जुलै १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांच्यासमोर निकाली निघाला. राखून ठेवण्याची पद्धत म्हणजे धंदा करण्याच्या स्वातंत्र्यावर गैरवाजवी बंधन, असं त्यांनी ठरवलं.

आणि आता हे वाचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेलफास्टच्या डिस्टिलरी क्लबाची युरोपियन कपात गाठ पडली पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबाशी. युसेबियोची बेन्फिका! डिस्टिलरीच्या मॅनेजरने तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, ४१ वर्षांच्या फिनींना एका सामन्यासाठी बोलावलं. निकाल ३-३. तो मॅनेजर कोण? जॉर्ज ईस्टहॅम थोरला, खटला जिंकलेल्या पोराचा बाप.

---

जुना_कूपरेज

कडुनिंब, बाळा, हे सोन्यासारखं शोधलंस.

---

शून्य_प्रहर

मी माझं म्हणणं मागे घेतो. "भांडायला हवं होतं" हे आज मोबाइलवर टाइप करणं सोपं आहे. पण एक प्रश्न उरतोच. दार उघडं असतं तर ते गेले असते का?

---

उत्तरेकडचा

गेले असते, असं मला वाटतं. निदान एक-दोन हंगामांसाठी. म्हणून तर विचारायला गेले ना! त्यात काही पाप नव्हतं. बायको, दोन लेकरं, तिशी गाठलेली, युद्धाने खाल्लेली वर्षं.

आणि परतही आले असते, हेही मला तितकंच खात्रीने वाटतं. निवृत्त झाल्यावर त्यांना कोणी बांधून ठेवलं नव्हतं. तरी पुढची चोपन्न वर्षं, १४ फेब्रुवारी २०१४ ला जाईपर्यंत, प्रेस्टन सोडलं नाही. त्याच शहरात धंदा, तिथेच दंडाधिकारी, क्लबाचे मानद अध्यक्ष. १९६१ मध्ये, ते निवृत्त झाल्यावर एकाच हंगामात, प्रेस्टन पहिल्या, म्हणजे सर्वात वरच्या, विभागातून खाली घसरला आणि आजवर परत वर आलेला नाही. तरी घरच्या सामन्याला हे हजर. माझी तक्रार एवढीच आहे की त्यांचं प्रेम मोजायला लोक १९५२ चा दाखला देतात. तो क्लबाच्या जबरदस्तीचा दाखला आहे. प्रेमाचा दाखला हवा तर १९६० नंतरचा घ्या.

पुढच्या महिन्यात एका कामासाठी प्रेस्टनला चाललोय. पुतळ्याचे फोटो टाकतो.

---

नळवाला_नाशिक

साहेब, जाल तेव्हा एक करा. ते दोन्ही बाजूचे फवारे एकसारखे उडतात म्हणालात. खालून नळी कशी फिरवलीय, एका पंपावर आहे की दोन, ते दिसलं तर जवळून एक फोटो काढा. मुलाला दाखवायचाय.